आधी मोरी पाहा

घर पाहायला आलेल्या माणसाला दाणीकाकू आधी बैठकीत बसवत नसत. चपला काढून तो आत आला की त्याला सरळ मागे नेत. मोरीचं दार ढकलत, दिवा लावत आणि म्हणत, "आधी मोरी पाहा. इथे माझ्या मुलाला साप चावला आणि तो त्यात गेला. मागे नाला आहे, पावसाळ्यात साप निघतात. आता चला, बाकीचं घर दाखवते."

हे बोलताना त्यांचा आवाज चढत नसे की कापत नसे. बस किती वाजता आहे ते सांगावं, तसं त्या सांगत. समोरच्याचा चेहरा उतरायचा आणि मग काकू त्याला विचारत, "चहात साखर चालते नं?"

सुनंदा दाणी हे त्यांचं नाव. यवतमाळच्या कोर्टात टायपिस्ट होत्या. साक्षीदार बोलणार, साहेब सांगणार आणि काकू टाइप करणार, यात सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतरही बोटं थांबली नव्हती. तुम्ही बोलत असलात की त्यांची बोटं मांडीवर हलत राहत, तुमचं वाक्य उतरवून घेतल्यासारखी. तुम्ही काही थापा मारायला लागलात की बोटं थांबायची. त्यांच्यासमोर उगाच वाढवून सांगायची सोय नव्हती. दूधवाला म्हणाला, "काकू, आज पाणी नाही टाकलं," की त्या विचारत, "खरं की अंदाजे?" हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारत. डॉक्टरांनाही.

मी त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हा माझी बदली नुकतीच यवतमाळजवळच्या शाळेत झाली होती. आम्ही राठोड, आर्णीजवळच्या तांड्यावरचे. सोबत माझी आई, म्हणजे आमच्या बोलीत याडी. लोहाऱ्याच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या वसाहतीत आमचं आणि काकूंचं आवार एकच होतं. मधे कमरेएवढी भिंत आणि भिंतीत एक लोखंडी फाटक. पहिल्या आठवड्यात काकू त्या फाटकातून चौकशीला आल्या. याडीनं पाण्याचा पेला पुढे केला. काकूंनी तो घेतला नाही.

"राग मानू नका," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी सोवळं-ओवळं फार होतं. मला वेळ लागेल."

मला राग आला. याडीला मात्र नाही आला. ती नंतर म्हणाली, "तहान नाही म्हणून खोटं तरी नाही बोलली बाई." आणि काकूंना खरंच वेळ लागला. वर्ष गेलं. मग एका दुपारी, त्यांच्या मुलाला, मंदारला, जाऊन दोन-तीन दिवस झाले असतील, याडी न विचारता भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली. नातेवाईक आत होते, चूल पेटलेली नव्हती. काकू बाहेर आल्या, याडीच्या शेजारी बसल्या आणि जेवल्या. पाणीही तिच्याच तांब्यातलं प्यायल्या.

मंदार त्यांचा एकुलता एक मुलगा. वडील तो शाळेत असतानाच गेले होते. लोहाऱ्याच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता. कमी बोलणारा, लग्नाचं नाव काढलं की हसून टाळणारा. भाद्रपदात एका संध्याकाळी कामावरून आला, हातपाय धुवायला मोरीत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "पायाला काहीतरी चावलं." काकूंनी पाहिलं. नुसती लाल रेघ होती, सूज नाही. मुंगळा असेल म्हणून दोघांनी सोडून दिलं. जेवण झालं. सकाळी तो म्हणाला, "आई, डोळे उघडत नाहीत." काकू म्हणाल्या, काल उशिरापर्यंत मोबाइल पाहत होतास, झोप अजून. मग त्याची जीभ जड झाली, तेव्हा त्या फाटकाशी येऊन मला हाका मारायला लागल्या. मण्यार होती; मोरीतून नाल्याकडे सरकताना तेव्हाच दिसली. आम्ही त्याला रिक्षातून नेलं, पण दवाखान्यात पोचलो तेव्हा फार काही उरलं नव्हतं.

भेटायला येणारे म्हणत, "वेळ आली होती हो, आपल्या हातात काय." काकूंची बोटं मांडीवर थांबायची.

"वेळ नव्हती आली," त्या म्हणायच्या. "साप आला होता. आणि मी मुलाला झोप म्हटलं."

हळूहळू लोक यायचेच थांबले.

घर विकायचं मात्र त्यांनी लगेच ठरवलं नव्हतं. त्याच मोरीत त्या आंघोळ करत राहिल्या. जाण्याआधी काठी आपटायच्या, टॉर्च फिरवायच्या, मग आत. पुढे डोळे गेले. अगदी गेले नाहीत, पण नजरेच्या मधोमध डाग आला. "समोर पाहिलं की माणसाचा चेहरा जातो, कान तेवढे दिसतात," त्या सांगत. एका सकाळी त्या फाटकाशी आल्या आणि म्हणाल्या, "कविता, जमिनीवर काय आहे ते मला दिसत नाही. या घरात हे चालणार नाही. मी अकोल्याला जाते, विजीकडे."

विजी म्हणजे विजया, धाकटी बहीण. तीही एकटी. तिच्या समोरचा फ्लॅट रिकामा होता आणि मालक थांबायला तयार होता. रोज सकाळी दोघींचा फोन व्हायचा. खिडकीला जाळी बसवून घेऊ, ओट्याची उंची कमी करून घेऊ, अशी बोलणी चालत. हे घर विकलं की तो फ्लॅट घ्यायचा, इतकं साधं होतं.

गिऱ्हाइकं आणायचा गजूभाऊ. घरं-प्लॉट दाखवणारा, गळ्यात रुमाल, मोटरसायकल कधी बंद न करणारा. पहिली दोन-तीन गिऱ्हाइकं मोरीतूनच परत गेली तेव्हा तो काकुळतीला आला.

"काकू, तुमी कायले सांगता हो ते? मी मानसं आणून राह्यलो अन् तुमी पळवून राह्यल्या. कोनी इचारलं तर सांगा नं."

"कोणी विचारत नाही, गजू. मोरीत साप येतो का, हे घर घेताना कोणी विचारतं का?"

"तेच तं म्हनतो मी!"

"म्हणून मी सांगते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी फाटकाची कडी लावून घरात आले.

वणीकडून बदली होऊन आलेलं एक जोडपं टिकलं. लहान मुलगी होती त्यांना, नुकती चालायला लागलेली. मोरी पाहूनही ते बैठकीत येऊन बसले, तेव्हा काकूंना फार बरं वाटलं. त्यांनी मागे काय काय करून घ्यावं लागेल ते सांगितलं. जाळी, दाराखालची फट, नाल्याकडची झुडपं, पलंग भिंतीपासून लांब. नवरा ऐकत होता. मग म्हणाला, "असं करू या, मॅडम. आम्ही हा पावसाळा इथे राहून पाहतो. भाडं वगैरे नको, ट्रायल म्हणून. साप नाही निघाला तर दसऱ्याला खरेदी करू. तुम्ही तोवर बहिणीकडे जाऊन या."

"आणि निघाला तर?"

"तर मग नाही घेणार."

"तसं नाही," काकू म्हणाल्या. "निघाला तर तुमच्या मुलीचं काय, ते विचारते."

तो हसला. बायको हसली नाही. तिनं मुलीला उचललं आणि ती फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. तरी तो माणूस नंतर फोन करत राहिला आणि प्रत्येक फोनला भाव खाली आणत राहिला. "असं घर कोण घेणार, मॅडम? आम्ही उपकार करतोय समजा." काकू प्रत्येक वेळी त्याचं पूर्ण ऐकून घेत, "तुमचं म्हणणं कळलं" म्हणत आणि फोन ठेवत.

त्यानंतर एक ठेकेदार आला. त्याला घर आवडलं, जागा आवडली. पण त्याच्याबरोबर वास्तू पाहणारे एक गुरुजी होते. ते मोरीत बराच वेळ उभे राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, घराण्याला नागदोष आहे, शांत करावी लागेल. खर्च काकूंचा. शांत झाली की व्यवहार, असं ठेकेदारानं सांगितलं. काकूंचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पण विजयाबाई रोज फोनवर विचारत होत्या, कधी येतेस म्हणून. काकू तयार झाल्या.

त्या दिवशी मी रजा काढून गेले होते. पाटावर चांदीचा नाग, धूर, दारात ठेकेदार त्याच्या भावांसह. काकू रेशमी लुगड्यात ताठ बसलेल्या. गुरुजींनी संकल्प सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबून मराठीत म्हणाले, "म्हणा, माझ्या घराण्याच्या हातून सर्पहत्या झाली, त्या पापामुळे माझा पुत्र गेला."

काकूंनी हातातली पळी खाली ठेवली.

"म्हणा."

"हे मी म्हणणार नाही," काकू म्हणाल्या. "आमच्या घरात कोणी साप मारलेला नाही. मंदार गेला त्या दिवशीही तो साप आम्ही जाऊ दिला. न घडलेलं मी कसं म्हणू?"

"आई, हे नुसतं विधीपुरतं असतं."

"कोर्टातही सगळे विधीपुरतंच म्हणतात. पाप केलं नाही मंदारनं. मी त्याच्या नावावर ते घालणार नाही."

ठेकेदार म्हणाला, "अहो, एक वाक्य तर म्हणायचं आहे! घर विकायचं आहे का नाही तुम्हाला?"

काकू पाटावरून उठल्या. गुडघे दुखत होते म्हणून मी हात दिला. आत जाऊन त्यांनी लुगडं बदललं आणि स्वयंपाकघरात जाऊन गुरुजींसाठी जेवणाची पानं घेतली, कारण जेवायला सांगितलं होतं. ते सगळे न जेवता गेले. ते जेवण आम्ही तिघींनी खाल्लं. काकूंनी त्या दिवशी मंदारबद्दल पहिल्यांदा काहीतरी साधं सांगितलं. त्याला वरणात गूळ चालत नसे, म्हणून त्याच्यासाठी वेगळं काढून ठेवावं लागे.

पुढचा माणूस निवृत्त अधिकारी होता. सापाचं त्यानं शांतपणे ऐकलं. "ते बघून घेऊ, खाली सगळं काँक्रीट करून टाकू," म्हणाला. मी भिंतीच्या अलीकडे मिरच्या वाळत घालत होते. त्याचं लक्ष फाटकाकडे गेलं.

"शेजार कोणाचा?"

"राठोड. शाळेत शिकवते, आई असते सोबत."

"राठोड म्हणजे तांड्यावरचे का?"

"हो. आर्णीजवळचे."

"मग हे फाटक तुम्ही विटा लावून बंद करून द्या आधी. आणि भिंत जरा वर घ्या. आमच्या मिसेसला चालायचं नाही."

काकूंनी त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या कानाकडे, पाहिलं. "तुमचं म्हणणं असं आहे का, की साप चालेल, शेजारी चालणार नाही?"

तो काहीतरी पुटपुटला. काकू म्हणाल्या, "नीट सांगा. मला टाइप करता आलं पाहिजे."

तो गेल्यावर त्या फाटकाशी आल्या. "ऐकलंस?"

"हो."

"मला चांगली समजू नकोस. मी पहिल्या वर्षी तुझ्याकडचं पाणी घेतलं नव्हतं." एवढं बोलून त्या मिरच्या चाचपून पाहायला लागल्या, वाळल्या की नाही म्हणून.

तोवर विजयाबाईंच्या किडन्या बिघडल्या होत्या. समोरच्या फ्लॅटचा मालक घाई करत होता. अशात मारेगावकडचे एक शेठ आले. कापसाचे व्यापारी. मुलाच्या शिक्षणासाठी यवतमाळात घर पाहत होते. बोलणं इतकं मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. काकूंना ते माय म्हणत.

"माय, तुमी खरं सांगतलं, म्हनून मले हेच घर पायजे," ते म्हणाले. "फक्त ते मोरी अन् मांगची खोली, तेवढं पाडून द्या. बायकोच्या मनात भीती नको राह्यले. पाडलं की दुसऱ्या दिवशी सही करतो."

मागची खोली मंदारची. काकूंनी एक दिवस मागून घेतला. मी म्हटलं, आधी काही लिहून घ्या त्यांच्याकडून. कोर्टात जन्म काढलेल्या बाईला हे मी सांगायचं! त्या म्हणाल्या, "मी मागितलं, तर शेठ म्हणाला, लिहून मागता म्हणजे माह्यावर भरोसा नाही का माय? मला विजीकडे जायचं आहे, कविता." त्या क्षणी त्या इतक्या थकलेल्या दिसल्या की मी पुढे बोलले नाही.

मजूर आले. मोरीला लागून असलेला संडासही पाडावा लागला. काकू निंबाखाली खुर्ची टाकून बसत. त्यांना काय दिसत होतं कोण जाणे, पण घणाच्या आवाजाकडे तोंड करून बसत. खोलीचा निळा रंग धुळीत मिसळून अंगणभर पसरला. मोरीची फरशी फोडली त्या दिवशी त्या उठून उभ्या राहिल्या.

"काही निघालं का?"

"उंदराची बिळं हायेत, काकू. बाकी काही नाही."

"नीट पाहा."

मजुरानं सळई घालून पाहिलं. "काही नाही."

काकू खाली बसल्या. मला वाटतं, काहीतरी निघावं असं त्यांना वाटत होतं.

शेठ आले, मागे जाऊन आले आणि बैठकीत बसले. काकूंनी चिवडा दिला. तो खात खात ते म्हणाले, "आता कसं झालं माय, घर लहान झालं. खोली गेली, मोरी गेली, संडास गेला. पह्यलेचा भाव मी कसा देऊ?"

"तुम्ही सांगितलं म्हणून पाडलं."

"मी सांगतलं, बरोबर हाय. पन पाडलं तुमी."

ते रागावून बोलले नाहीत. आवाज तसाच मऊ. गजूभाऊ खाली पाहत होता. काकूंची बोटं मांडीवर पसरून पडली होती, एकही हलत नव्हतं.

"चिवडा संपवा आणि जा," त्या म्हणाल्या.

त्यांनी खरंच चिवडा संपवला.

पुढचा पावसाळा काकूंनी पाठ उघडी असलेल्या घरात काढला. मागच्या बाजूला टिनाचे पत्रे ठोकले होते. आंघोळीला आणि संडासला त्या फाटकातून आमच्याकडे यायच्या. याडी एका हातात टॉर्च धरायची, दुसऱ्या हातात काकूंचा हात. "पाय दाबून टाक, पाय दाबून टाक," म्हणत दोघी चिखलातून यायच्या. अकोल्याचा फ्लॅट दुसऱ्याला गेला. थंडीत विजयाबाई गेल्या. काकू अकोल्याला पोचल्या तेव्हा त्यांना नेलेलं होतं. काकूंनी तिथल्या भाच्याला विचारलं, शेवटी काय म्हणाली? तो म्हणाला, तुमचीच आठवण काढत होती. काकूंनी विचारलं, "खरं की अंदाजे?" तो रडायला लागला. हे काकूंनीच मला सांगितलं. "मी विचारायला नको होतं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर घर पाहायला आलेला माणूस घरात आलाच नाही. रस्त्यावर उभं राहून त्यानं दोघांना टेप धरायला लावला. त्याला फक्त जागा हवी होती. काकू भिंत धरत धरत बाहेर आल्या आणि सवयीनं म्हणाल्या, "आधी मोरी..." मग थांबल्या, कारण मोरी नव्हती. "मागे नाला आहे. साप निघतात. माझा मुलगा त्यात गेला."

"काकू, इथं राहनार कोन?" तो म्हणाला. "दुकानं काढतो मी." आणि फोनवर बोलायला लागला.

काकू तिथेच थांबून राहिल्या. त्याचा फोन संपल्यावर म्हणाल्या, "मी काय सांगितलं ते सांगा."

"काय?"

"मी आत्ता तुम्हाला काय सांगितलं?"

"साप. हो हो, साप. लक्षात हाय काकू."

खरेदीखतावर सही त्यालाच करून दिली. भावाची घासाघीस काकूंनी केली नाही. त्या महिन्यातच त्या अमरावतीजवळच्या एका वृद्धाश्रमात गेल्या. आमच्याकडे राहा, असं याडीनं किती तऱ्हांनी सांगितलं. काकू म्हणाल्या, "तुमच्या घरामागचा नालाही तोच आहे." याडीच्या गालावरून त्यांनी हात फिरवला आणि रिक्षात बसल्या.

दिवाळीनंतर मी आणि याडी त्यांना भेटायला गेलो. लांब व्हरांडा होता, एका बाजूला खोल्या, प्रत्येक दाराशी सारखी प्लास्टिकची खुर्ची. काकू वाळल्या होत्या. मी बोलल्यावर त्यांनी ओळखलं. याडीचे हात मात्र बोलण्याआधीच ओळखले.

"तिथे काय झालं गं आता?" त्यांनी विचारलं.

"दुकानं झाली. चपलांचं आणि मोबाइलचं. वरती गोदाम आहे."

"झोपतं का कोणी तिथे?"

"नाही. संध्याकाळी शटर पडतं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. याडीनं आणलेले अनारसे त्यांनी मांडीवर तसेच धरून ठेवले.

जेवणाची घंटा झाली. खोल्यांतून बायका निघाल्या, रांग लागली. काकू उठल्या, आमचा निरोप घेतला, भिंतीला हात लावला आणि चालायला लागल्या. पण उलट्या दिशेनं. आम्ही हाक मारायच्या आत रांगेतली एक बाई आली. तिनं काकूंना दोन्ही खांद्यांना धरलं, वळवलं आणि पाठीवर हलकेच ढकललं. दाणीकाकूंनी ती कोण, कुठे नेतेय, काही विचारलं नाही. वळवलं तिकडे त्या चालत गेल्या.